पाचरीची बाज

औसा तालुक्यातील आमच्या जुन्या घराला माळवद होते. जाड भिंती आणि छपरावरचा मातीचा थर यांमुळे ते वैशाखातही गार राहायचे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच जड छपरांखाली हजारो माणसे दगावली आणि पुढे आम्हीही स्लॅबचे घर बांधले. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती ऊब खोलीत सोडत राहतो. पारा ४२ अंशांवर गेला की खालून बंद असलेल्या पेटीच्या पलंगावर, फोमच्या गादीत आबांना झोप लागत नसे, आणि गुडघ्यांमुळे त्यांना गच्चीत जमिनीवरही निजता येत नव्हते.

म्हणून दिवसा बैठकीत आणि रात्री गच्चीवर वापरता येईल अशी बाज करायचे ठरवले. अडचण जिन्याची होती. तो अडीच फूट रुंद आणि मध्ये वळण, तिथे सहा फुटी विणलेली बाज वळत नाही. सुतारमामांनी दोन लांब दांड्यांवर नवारीच्या आडव्या पट्ट्या शिवून चढवल्या आणि उशा-पायथ्याचे दांडे खाचेत घालून पाचरीने ताणले. पाचर काढली की नवार दांड्यांभोवती गुंडाळून वर नेता येते.

पहिली चौकट आम्ही आषाढात, ओल्या बाभळीची केली. मी घाई केली नसती तर बरे झाले असते. लाकूड वाळताना लांबीत फारसे आटत नाही, रुंदी-जाडीत मात्र आटते. चैत्रात सांधे इतके ढिले झाले की एका रात्री आबांच्या डोक्याकडचा कोपरा खाली आला. त्यांना लागले नाही, पण मला पुढे कितीतरी रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या वेळी मोडीत निघालेल्या बैलगाडीची, वर्षानुवर्षे वाळलेली बाभूळ घेतली. सांधे सरसाने कायमचे पक्के करा, असे मी सुचवले तेव्हा मामा म्हणाले, "सरस लावला तर लाकडाला हलायला जागा राहत नाही, मग ते तडकतं. पाचरच राहू द्या." आता पाडवा झाला की आबा स्वतः चारही पाचरी लाकडी हातोड्याने ठोकतात आणि मृगाचा पाऊस पडून लाकूड फुगू लागले की बोटभर मागे सरकवतात.

वजनाने लांब दांडे मध्ये आत वाकतात, एवढे अजून सुधारायचे आहे. त्यासाठी पाठीला न लागणारा, खालून कमानदार आडवा दांडा मामा तासत आहेत.