स्टिकरवरचं नाव आणि मशीनचं नाव

तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उलटापालटा करून पाहिला आणि ठोकून दिलं, "पॅनल गेलं, बदलावं लागते." पॅनल ठणठणीत होतं. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) ११ वरून १२ वर गेलो त्या रात्रीपासून ब्राइटनेसची कळ दाबली की स्क्रीनवरची पट्टी इमानदारीनं सरकायची, उजेड मात्र तस्साच. आमच्या दर्यापूरकडच्या घरी सगळे एकाच खोलीत झोपतो. बाबा पांघरुणातून ओरडायचे, "काहून बे, हॅलोजन लावला काय?"

दोष पॅनलचा की कर्नेलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, हे दोन मिनिटांत कळतं. बूट मेन्यूत जाऊन जुना कर्नेल निवडा. माझ्याकडे ५.१० पडून होता. त्यात उजेड निमूट कमी झाला. बॅकलाइटच्या (पडद्यामागच्या दिव्याच्या) फोल्डरात तेव्हा उजेड सांभाळणारी दोन नावं दिसायची, इंटेलचं, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरचं, आणि एसीपीआयचं, म्हणजे मशीनच्या फर्मवेअरमार्फत चालणारं. डिसेंबर २०२२ च्या ६.१ पासून कर्नेल आधीच एक कारभारी ठरवतो आणि त्यालाच उभा करतो. माझ्या मशीनवर त्यानं एसीपीआयवाला निवडला, जो आकडा घेतो आणि काहीच करत नाही. ग्रबच्या, म्हणजे कर्नेल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, ओळीत 'एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह' (इथं इंटेलवालाच वापर) लिहून अपडेट-ग्रब चालवलं, झालं काम. एवढंच हवं असेल त्यानं इथंच थांबावं. मी थांबलो नाही. त्या "पॅनल गेलं"चा राग होता, दुसरं काय.

कर्नेलात 'व्हिडिओ_डिटेक्ट.सी' नावाच्या फाइलमध्ये अशा अडेल मॉडेलांची यादी आहे. कंपनी, मॉडेल आणि 'नेटिव्ह वापर' अशी सात-आठ ओळींची नोंद. लॅपटॉपच्या बुडाखालच्या स्टिकरवरून नाव त्या यादीत उतरवलं, बिल्ड लावला, म्हणजे कोडपासून कर्नेल नव्यानं बनवायला घेतला. जुनं मशीन, पहिला बिल्ड तासन् तास. मध्येच लाइन गेली. बॅटरी अर्धा तासाची, तीही उजेड पूर्ण असल्यानं त्याआधीच संपली. बिल्ड करणारा 'मेक' निदान उरलेलंच काम पुढे नेतो, म्हणून बरं. दुसऱ्या संध्याकाळी नवा कर्नेल चढवला. ग्रबमधली ओळ काढली. उजेड तस्साच!

मग मी नको तिथं खोदत बसलो. फंक्शनमध्ये प्रिंटच्या ओळी टाकल्या, डीमेसेज (कर्नेलची नोंदवही) चाळला, बायोसला शिव्या घातल्या. तिसऱ्या रात्री सहज डीएमआयच्या, म्हणजे मशीन स्वतःची ओळख सांगतं त्या, फोल्डरातली 'प्रॉडक्ट_नेम' फाइल उघडली, तर आत भलताच आकडे-अक्षरांचा कोड! स्टिकरवरचं झकपक नाव शेजारच्या 'प्रॉडक्ट_व्हर्जन'मध्ये जाऊन बसलेलं. कर्नेल स्टिकर वाचत नाही, हे कळायला मला तीन रात्री लागल्या. दोन ओळी बदलल्या, आता तेवढीच फाइल बिल्ड झाली, आणि कळ दाबताच खोली अंधारली. बाबा कूस बदलून घोरू लागले.

नाव अर्धवट लिहू नका. साधी जुळणी तुकडा सापडला तरी 'हो' म्हणते आणि चांगल्या चालणाऱ्या भावंड-मॉडेलांनाही गळ लागतो. नेमकी जुळणी वेगळी मिळते, ती घ्या.

पॅच, म्हणजे हा केलेला बदल, कर्नेलवाल्यांना जीमेलच्या पानावरून पाठवला तर टॅबच्या स्पेस होतात आणि तो लागतच नाही. गिट सेंड-ईमेल वापरा. पाठवण्याआधी पॅचमधल्या चुका दाखवणारा चेकपॅच चालवा.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: कर्नेलच्या कोडचा पूर्ण इतिहासासकट क्लोन (उतरवलेली प्रत) रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये बसत नाही, आणि मध्येच तुटला तर पहिल्यापासून. डेप्थ १ ठेवा, म्हणजे फक्त शेवटची अवस्था उतरते. बिल्ड हलका करायला 'लोकलमॉडकॉन्फिग' चालवाल तेव्हा मोबाइलचं यूएसबी टेदरिंग जोडून ठेवा. तो त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल्स (कर्नेलचे सुटे भाग) ठेवतो. मी जोडलं नव्हतं; नव्या कर्नेलात उजेड नीट झाला तेव्हा इंटरनेट गायब होतं.

आणि ब्राइटनेसच्या फाइलमध्ये शून्य लिहून पाहू नका. काही मशीनवर दिवा पुरताच विझतो. माझाही विझला, आणि चूल पेटवायला उठलेल्या आईच्या टॉर्चच्या उजेडात कळा शोधत बसलो.