डर्क नोविट्झकीचा एका पायावरचा फेडअवे : सरावाची नोंद, टप्पा दुसरा

बास्केटबॉलपटू डर्क नोविट्झकीचा फेडअवे म्हणजे मागे झुकत घेतलेला शॉट. पहिल्या टप्प्यातला फ्री थ्रो (फाउलनंतर रेषेवरून, कुणी न अडवता घ्यायचा शॉट) आता बऱ्यापैकी उंच कमानीतून पडतोय, म्हणून या टप्प्यात एका पायावरची उडी घेतली. हा क्रम उलटा करू नये. डर्कचे व्हिडिओ पाहून पहिल्याच दिवशी मागे झुकायचा मोह होतो, पण त्याचा हात आधी घडला आणि ते झुकणं पुष्कळ नंतर आलं.

हात घडवला होल्गर गेश्विंडनर यांनी. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ते पश्चिम जर्मनीच्या संघाचे कप्तान होते, आणि गणित-भौतिकशास्त्राचा अभ्यास केलेला हा माणूस. जर्मनीतल्या व्युर्झबुर्गचा किशोरवयीन डर्क त्यांच्या नजरेत भरला आणि पुढची सगळी वर्षं, अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये डॅलसला गेल्यावरसुद्धा, दर उन्हाळ्यात शॉटची दुरुस्ती त्यांच्याकडेच होत राहिली. चेंडू किती अंशांत सुटला तर हाताची चूक सगळ्यात जास्त माफ होते, असा त्यांचा मूळ प्रश्न होता. तेच गणित आपल्या उंचीला लावून बघितलं.

रिंगचा आतला व्यास 45 सेंटिमीटर, 7 नंबरच्या चेंडूचा सुमारे 24. चेंडू तिरका येतो तेव्हा त्याच्या दृष्टीने रिंग लंबगोल होते. 32 अंशांपेक्षा सपाट आला तर लोखंडाला न लागता आत जाणं शक्यच नाही. आता चेंडू जमिनीपासून 2.30 मीटरवर सुटतो असं धरा. फ्री थ्रो रेषेपासून रिंगचा मध्य सुमारे 4.20 मीटरवर येतो. 52 अंशांत सोडलेला चेंडू रिंगपाशी जवळपास 43 अंशांत उतरतो आणि त्याला मोकळी जागा मिळते जेमतेम 6 सेंटिमीटर. तोच 60 अंशांत सोडला तर 54 अंशांत उतरतो आणि जागा 12 सेंटिमीटर, म्हणजे दुप्पट. त्यासाठी वेग फक्त सेकंदाला 7.0 मीटरवरून 7.3 पर्यंत वाढवावा लागतो. हा वाढीव जोर पायांतून यायला हवा. मनगटाने ढकललं की दिशा जाते.

मैदानावर अंश मोजायला काही लागत नाही. बोर्डाची वरची कड 3.95 मीटरवर असते. 52 अंशांचा चेंडू त्या कडेच्या किंचित खालीच वळतो, 60 अंशांचा कडेच्या साधारण 40 सेंटिमीटर वर जातो. सोबत्याला बाजूला उभं करून एवढंच सांगायला लावा: कडेच्या वर की खाली. मोबाइल बाजूच्या रेषेवर ठेवला तरी चालतं, फक्त तो बोर्डापासून लांब ठेवा, म्हणजे कमानीचा माथा कापला जात नाही.

त्याआधी रिंग मोजा, हे पुन्हा सांगतो. उघड्या सिमेंटच्या कोर्टवर रिंगला लोंबकळून लोंबकळून पुढची कड खाली आलेली असते. पुढच्या आणि मागच्या कडेवरून ओळंबा सोडून टेपने दोन्ही उंची घ्या, 3.05 मीटर दोन्हीकडे यायला हवी. पुढची बाजू 3 सेंटिमीटर खाली असेल तर सपाट चेंडूही आत जातो आणि चुकीची सवय पक्की होते.

आता शॉट. डर्क उजव्या हाताचा, त्यामुळे टेकायचा पाय डावा आणि वर येतो उजवा गुडघा. जागा फ्री थ्रो रेषेचा कोपरा किंवा त्याच्याखाली दोन पावलं. रिंगकडे पाठ, डावा पाय पिव्होट (जागेवर टेकलेला, ज्यावर वळायचं तो), चेंडू छातीशी. खांदा एकदा हलवून डिफेंडरला टाचांवर आणायचं, डाव्या पायावर वळायचं आणि खांदे रिंगसमोर आले की उजवा गुडघा कमरेपर्यंत उचलायचा. तो गुडघाच डिफेंडरला लांब ठेवतो, कारण मध्ये मांडी आली की त्याला चेंडूपर्यंत हात पोचवायला पुढे झेपावं लागतं. झुकणं याच्यानंतरचं, आणि तेही थोडंच. चेंडू उडीच्या माथ्यावर सोडायचा. चेंडू सुटण्याआधी कोणताही पाय जमिनीला लागला तर ट्रॅव्हल, म्हणजे चेंडू घेऊन जास्त पावलं टाकल्याचा नियमभंग. उतरताना आधी डावा, लगेच उजवा.

तीन दोष वारंवार दिसले. पहिला, चेंडू पुढच्या कडेला लागणं: मागे जाण्यात जोर खर्च होतो आणि वर जायला उरत नाही. उपाय म्हणजे जमिनीवर खडूने रेघ मारून उडी आणि उतरणं यांतलं अंतर बघणं. एका पावलाइतकं पुरे. त्याहून जास्त गेलात तर ती पळवाट झाली. दुसरा, डावीकडे जाणारा चेंडू. याचं कारण बहुतेक वेळा हात नसतो, वळण अर्धवट राहिलेलं असतं आणि खांदे तिरके असतात. यासाठी डावा पंजा वळूनच टेकवायचा सराव चेंडूशिवाय करावा. तिसरा दोष सगळ्यात चिवट: गुडघा वर येताना चेंडू खाली जातो. चेंडू हनुवटीच्या खाली उतरू द्यायचा नाही, एवढा एकच नियम पाळला तरी शॉट सुटायला लागणारा वेळ लक्षात येण्याइतका कमी होतो.

सिमेंटवर एका बैठकीत 25-30 उड्यांच्या पुढे जाऊ नका. सगळा भार एका घोट्यावर उतरतो, आणि दमल्यावर कमान सपाट होते ती वेगळीच. उरलेला वेळ फ्री थ्रोला द्या.

डर्कला याची गरज का पडली, ते 2007 कडे बघितलं की कळतं. त्या मोसमात त्याच्या डॅलस मॅव्हरिक्स संघाने 67 सामने जिंकले, डर्कचं फील्ड गोलचं (खेळ चालू असताना मारलेल्या शॉटचं) प्रमाण 50.2 टक्के, तीन गुणांचं 41.6, फ्री थ्रोचं 90.4, आणि एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) सुद्धा तोच. तरी पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून 4-2 अशी हार. त्याच्याहून बुटक्या, चपळ खेळाडूंनी त्याला चिकटून, कमरेशी घुसून ड्रिबलच (चेंडू टप्पे देत नेणं) करू दिला नाही. पुढच्या वर्षांत तो रिंगपासून मध्यम अंतरावर पाठ करून जास्त खेळू लागला. 213 सेंटिमीटरच्या माणसाने तिथून ड्रिबल न करता वळून, गुडघा पुढे ठेवून सोडलेला चेंडू अडवायला कुणाचाच हात पुरत नाही.

2011 च्या मे महिन्यात ओक्लाहोमा सिटी थंडरविरुद्ध पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेतला पहिला सामना सरावासाठी जरूर बघा: 48 गुण, मैदानातून 15 पैकी 12, फ्री थ्रो 24 पैकी 24. आवाज बंद ठेवून फक्त त्याचे पाय बघा. थंडर एकामागून एक माणसं बदलतात, डर्कची पावलं बदलत नाहीत. मायामीविरुद्धच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना दुसऱ्या कारणासाठी बघावा. पहिल्या अर्धात तो 12 पैकी 1 होता. फटका न बदलता तो तेच शॉट घेत राहिला, 21 गुणांवर संपला आणि डॅलसला पहिलं विजेतेपद मिळालं. 2006 च्या अंतिम मालिकेत तिसऱ्या सामन्याच्या शेवटच्या क्षणी त्याचा एक फ्री थ्रो चुकून संघ 98-96 असा हरला होता. त्याच मायामीविरुद्ध मिळालेलं हे उत्तर आमच्या मते त्याच्या 31,560 गुणांपेक्षाही मोठं आहे.

पुढच्या टप्प्यात डिफेंडर उभा करायचा. आधी हात वर करून स्थिर, मग कमरेला खेटून. खेटल्यावर गुडघ्याने ढकलायचं नाही; गुडघा सरळ वर, नाहीतर आक्रमकाचा फाउल. डाव्या खांद्यावरून वळण बसलं की उजव्या खांद्यावरून तेच, टेकायचा पाय मात्र डावाच.