तेल अवीवहून एका दिवसात कैसरिया, हैफा, अक्को: माझा अनुभव

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये नवऱ्याचं ऑफिसचं काम तेल अवीवला निघालं आणि मी न् सासूबाई दोघी बरोबर गेलो. तो दिवसभर मीटिंगमध्ये, म्हणून इस्रायलच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरची जुनी शहरं आम्ही दोघींनीच गाइडेड टूरने केली. नंतर बऱ्याच जणांनी विचारलं की बुकिंग कसं केलं, सत्तरीच्या बाईला झेपतं का, ट्रेनने आपलं आपण गेलेलं बरं का, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

ट्रेनने जाता येतं. तेल अवीवहून हैफा आणि अक्कोला सरळ गाडी आहे. पण कैसरियाचे अवशेष स्टेशनपासून लांब आहेत, लेबनॉनच्या सीमेवरच्या रोश हानिक्राला तर स्टेशनच नाही, आणि शुक्रवारी दुपारपासून शनिवार संध्याकाळपर्यंत शब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसामुळे, ट्रेन बंद. सोबत गुडघेदुखीवालं माणूस असेल तर टूर घ्या असंच मी सांगेन.

आता टूर निवडायची कशी. सगळ्या कंपन्या तीच चार नावं लिहितात, कैसरिया, हैफा, अक्को, रोश हानिक्रा, फोटोही सारखेच. मी दोन-तीन ठिकाणी मेल करून एकच प्रश्न विचारला, अक्कोमध्ये प्रत्यक्ष किती वेळ थांबता? एकाने लिहिलं पाऊण तास, एकाने उत्तरच दिलं नाही, आणि एकाने लिहिलं जेवण धरून अडीच तास. तीच घेतली, थोडी महाग होती तरी. माझं ठाम मत आहे की या टूरचा जीव अक्कोत आहे, बाकी ठिकाणं त्याची तयारी म्हणून बघावीत. आणखी विचारून घ्यायचं म्हणजे प्रवेश तिकिटं धरलीत का (आमच्यात होती, जेवण नव्हतं), आणि गाइड किती भाषांत बोलणार. आमचा इंग्रजी आणि स्पॅनिश असा आलटून पालटून बोलायचा, म्हणजे निम्मा वेळ आपल्याला खिडकीबाहेर बघायला मोकळा.

बरोबर पासपोर्ट आणि विमानतळावर शिक्क्याऐवजी देतात ती छोटी निळी चिठ्ठी ठेवा, शेवटचा स्टॉप लेबनॉनच्या सीमेला चिकटून आहे. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, ओढणी असली की मशिदीतही काम भागतं. आणि शक्यतो शुक्रवार टाळा, दुपारच्या नमाजाच्या वेळी अक्कोच्या मोठ्या मशिदीत पर्यटकांना सोडत नाहीत.

पिकअप सकाळी सातचा होता, गाडी आली साडेसातला, आणि अजून चार हॉटेलं फिरून माणसं गोळा करेपर्यंत सासूबाईंचा नाश्त्याचा डबा अर्धा संपला. आमच्या मागच्याच सीटवर दोन बायका होत्या, एक साठीच्या, एक त्याहून मोठ्या. सासूबाई मला म्हणाल्या, "अगं, पाण्याची बाटली वरच्या पिशवीत ठेवलीस का?" आणि मागून आवाज आला, "तुम्ही मराठी का हो? कुठल्या?"

त्या बेने इस्रायली. मोठ्या मावशी बरीच वर्षं तेल अवीवजवळच्या लोद गावात राहतात, आणि ठाण्याहून आलेल्या धाकट्या बहिणीला फिरवायला आणलेलं. सासूबाईंचं माहेर अलिबागचं, त्यामुळे पुढची पाच मिनिटं गाडीत फक्त इस्रायल आळी, मांडवा आणि कोण कुठे राहायचं हेच चाललं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले अशी त्यांची परंपरा सांगते, तेल गाळायचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. मावशींचं मराठी अगदी साठ वर्षांपूर्वीच्या अलिबागचं, सासूबाई म्हणाल्या माझी आई असंच बोलायची.

पहिला थांबा कैसरिया. हेरोद राजाने इसवी सनापूर्वी २२ च्या सुमारास बांधायला घेतलेलं बंदर, रोमन सम्राट ऑगस्टस सीझरचं नाव दिलेलं. इथे नैसर्गिक खाडी नाही, आडोसा नाही, सरळ उघडा किनारा. मग बंदर केलं कसं? तर इटलीतून नेपल्सच्या बाजूची ज्वालामुखीची राख जहाजांनी आणली, चुना आणि दगडांत मिसळली आणि हे काँक्रीट मोठमोठ्या लाकडी साच्यांत भरून समुद्रात उतरवलं, ते पाण्यातच घट्ट होतं. सासूबाईंनी ऐकलं न् लगेच म्हणाल्या, "आपल्या सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलंय म्हणतात ना, तसंच की." त्या बंदराचा बराचसा भाग आता पाण्याखाली गेलाय, वरून फक्त गडद पट्टे दिसतात. नाट्यगृह मात्र शाबूत, डागडुजी करून आजही तिथे मैफिली होतात.

पिलाताचा दगड याच नाट्यगृहात १९६१ मध्ये इटालियन पुरातत्त्ववाद्यांना सापडला. पिलात म्हणजे येशूला क्रूसावर चढवायचा हुकूम देणारा रोमन सुभेदार, त्याच्या हयातीतला त्याच्या नावाचा शिलालेख. नंतर नाट्यगृह दुरुस्त करताना कुणीतरी तो पायरीला वापरून टाकलेला! मूळ दगड जेरुसलेमच्या म्युझियममध्ये आहे, इथे प्रतिकृती. डावीकडची अक्षरं झिजून गेलीत पण दुसऱ्या ओळीत शेवटी शेवटी नाव वाचता येतं, मी बोट फिरवून बघितलं.

चालणं इथे सगळ्यात जास्त. नाट्यगृहापासून रथांच्या शर्यतीच्या मैदानातून बंदरापर्यंत सरळ ऊन, सावली जवळपास नाहीच. गाइडला आधी सांगून ठेवलं होतं म्हणून सासूबाई आणि मावशी मधल्या बाकांवर बसल्या. बंदराजवळ एक गोष्ट नीट बघा. क्रुसेडच्या, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मयुद्धांच्या, काळातल्या बांधकामात रोमन काळाचे ग्रॅनाइटचे खांब आडवे घातलेत, भिंतीतून त्यांची गोल तोंडं बाहेर डोकावतात. हे खांब लक्षात ठेवा, पुढे लागतील. फ्रान्सचा राजा नववा लुई, त्याने १२५१-५२ मध्ये तटबंदी भक्कम केली आणि १२६५ मध्ये इजिप्तच्या मामलुक घराण्याचा सुलतान बैबर्सने शहर घेतलंच. निघताना गाडी किनाऱ्यावरच्या कमानींच्या पाणीवाहिनीपाशी थांबली, दहा मिनिटं, फोटोपुरती, आणि तेवढी पुरे.

हैफा शहर कार्मेल डोंगराच्या उतारावर आहे. शहरात शिरताना गाइडने डोंगराच्या पायथ्याकडे हात करून एलिया संदेष्ट्याची गुहा त्या बाजूला असं सांगितलं आणि पुढे निघाला, पण मागच्या सीटवर दोघी बहिणींनी डोक्यावर पदर-स्कार्फ घेतले. याच एलियावर, त्यांच्या भाषेत एलियाहू हानाबीवर, बेने इस्रायलींची फार श्रद्धा. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर खुणा आहेत, एलियाहू तिथूनच रथातून स्वर्गात गेला असं ते मानतात, त्या जागेला एलियाहू हानाबीचा टापा म्हणतात. नवस फेडायला, लग्नकार्याला मलिदा करतात, गोड पोहे, खोबरं, सुकामेवा, वर फळं. मावशी म्हणाल्या, "आम्ही इथे आल्यावर तो मलिदा घेऊन या गुहेत यायला लागलो. देव तोच, फक्त टापा लांब राहिला." सासूबाईंनी तो टापा लहानपणी बघितलेला. त्या दोघी त्यावर जे बोलल्या ते ऐकायला मी गाइडकडे दुर्लक्ष केलं, आणि ते बरोबरच केलं असं मला आजही वाटतं.

वरच्या रस्त्यावरून बहाई धर्माच्या बागा दिसतात, डोंगरावरून खाली उतरणारे १९ टप्पे, मधोमध सोनेरी घुमटाचं बाबचं समाधीस्थान, आणि त्यामागे अख्खा उपसागर. बाब म्हणजे बहाई धर्माचे अग्रदूत, त्यांना १८५० मध्ये इराणमध्ये तब्रीझला गोळ्या घातल्या, त्यांचे अवशेष लपवत लपवत इथे आणून १९०९ मध्ये पुरले. बागा २००१ मध्ये खुल्या झाल्या आणि त्यांचे वास्तुकार फरीबोर्झ साहबा, म्हणजे दिल्लीचं लोटस टेंपल ज्यांनी केलं तेच. बऱ्याच टूर फक्त वरच्या सज्जातून दाखवतात, बागेत उतरत नाहीत, आमचंही तसंच, सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं.

भारतीय दिसल्यावर गाइडने २३ सप्टेंबर १९१८ चा विषय काढला. पहिल्या महायुद्धात जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्सच्या घोडेस्वारांनी भाले घेऊन तुर्कांच्या मशीनगनवर चाल करून हे शहर घेतलं, मेजर दलपतसिंह शेखावत त्यात पडले. दिल्लीतल्या तीन मूर्ती चौकाला २०१८ पासून हैफाचं नाव जोडलंय ते यामुळेच. बसमधल्या स्पॅनिश लोकांना हे अजिबात माहीत नव्हतं, त्यांनी आमच्याकडे वळून बघितलं, आणि मला मनापासून अभिमान वाटला.

मग अक्को. भूक लागलेलीच होती, आधी जेवण. बाजाराच्या गल्लीत हुमूसची (वाटलेल्या छोल्यांची) दुकानं आहेत, शाकाहारी माणसाला इथे काही अडचण नाही. कोमट हुमूस, मधे खळगा करून त्यात शिजवलेले छोले आणि ऑलिव्हचं तेल, बाजूला कच्च्या कांद्याच्या फोडी, लोणचं, गरम पिटा. कांद्याच्या पाकळीनेच हुमूस उचलून खायचं, शेजारच्या टेबलावरच्या काकांनी करून दाखवलं. रोख शेकेल ठेवा, छोट्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही.

अक्कोची गंमत अशी की हे शहर रिकामं झालेलं नाही. पायाखाली क्रुसेडर शहर, वर ऑटोमन शहर, आणि त्यात आज माणसं राहतात, दोरीवर कपडे वाळतायत, पोरं शाळेतून येतायत. ११०४ मध्ये क्रुसेडरांनी घेतलं, ११८७ मध्ये सलाहुद्दीनने, ११९१ मध्ये इंग्लंडच्या राजा रिचर्डने परत, आणि १२९१ मध्ये मामलुकांनी घेतलं तेव्हा क्रुसेडरांचं राज्यच संपलं. हॉस्पिटलर सरदारांच्या (क्रुसेडरांच्या एका धार्मिक लढाऊ पंथाच्या) दालनांत शिरल्यावर आधी गारवा जाणवतो, मग खांबांची जाडी. टेंपलर या तशाच दुसऱ्या पंथाचा भुयारी रस्ता १९९४ मध्ये सापडला, तोही एका घराचं सांडपाणी तुंबलं म्हणून खणलं तेव्हा. सुरुवातीला छत इतकं खाली की वाकूनच जावं लागतं, खाली लाकडी फळ्या आणि फळ्यांखालून पाणी वाहतं. गुडघ्याचा त्रास असेल तर हे टाळा, सासूबाई वर बाजारात थांबल्या.

अल-जझ्झारच्या मशिदीच्या अंगणात (१७८१) आणि खान अल-उमदान सराईत (१७८४) ग्रॅनाइटचे खांब दिसले, आणि गाइड म्हणाला, हे कैसरियाचे. सकाळी भिंतीत आडवे बघितलेले ते इथे उभे! इथला ऑटोमन सुभेदार अहमद पाशा अल-जझ्झारने तिथून उचलून आणले. सराईत त्या दिवशी आत सोडत नव्हते, दाराच्या जाळीतून बघितलं. कैसरिया आधी आणि अक्को नंतर हा क्रम असावा तो यासाठी, उलट्या क्रमाची टूर असली तर घेऊ नका.

याच पाशाने १७९९ मध्ये नेपोलियनला दोन महिने तटाबाहेर रोखून धरलं. नेपोलियनच्या जड तोफा समुद्रातून येत होत्या, त्या सिडनी स्मिथच्या इंग्रजी जहाजांनी वाटेतच पकडल्या. त्याच वर्षी जानेवारीत नेपोलियनने कैरोहून टिपू सुलतानला मदतीला येतोय असं पत्र लिहिलं होतं. ४ मे ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, आणि मे संपायच्या आत नेपोलियन अक्कोचा वेढा उठवून मागे फिरला. तटावर उभं राहून हे ऐकलं की आपला शाळेतला इतिहास आणि हा समुद्र एकाच नकाशावर येतात.

शेवटी रोश हानिक्रा. पांढऱ्या खडूच्या कड्यावरून छोट्या केबल कारने एकदम तीव्र उतारावर खाली जायचं, समुद्राने कोरलेल्या गुहांतून फिरायचं, पायवाट ओली आणि निसरडी असते, पकड असलेले बूट घाला. ब्रिटिशांनी १९४२ मध्ये हैफा ते बैरूत रेल्वे याच कड्यातून बोगदा खणून नेली, १९४८ मध्ये हागाना या ज्यू लढाऊ संघटनेने इथला पूल उडवला आणि रूळ तिथेच संपले. वर सीमेच्या फाटकाजवळ पाटी आहे, बैरूत १२० किलोमीटर, जेरुसलेम २०५. समुद्र खवळलेला असला की गुहा बंद ठेवतात, हिवाळ्यात जाणार असाल तर आधी विचारून घ्या.

परतीला ट्रॅफिक लागून हॉटेलवर पोचायला रात्र झाली. मावशींनी लोदचा पत्ता लिहून दिला आणि दोन दिवसांनी आम्ही जेवायला गेलोसुद्धा, नारळाच्या दुधातली माशाची आमटी होती.

२०२३ पासून त्या सीमेवरची परिस्थिती फार बदललीये. त्यामुळे आता कुणी जाणार असेल तर बुकिंगच्या आधी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचा, रोश हानिक्रा सुरू आहे का ते कंपनीला लेखी विचारा, आणि नसेल तर तो वेळ अक्कोला द्यायला सांगा.