गुडघे शाबूत ठेवून लाओजिया यीलू: माझा अनुभव

ताईची ही चिनी युद्धकला म्हटली की डोळ्यांपुढे येते बागेतली संथ, तरंगती हालचाल. ती बहुधा 24 प्रकारांची, म्हणजे 24 ठरलेल्या हालचालींची असते. चीनच्या क्रीडा आयोगाने 1956 मध्ये यांग शैलीवरून ती बेतली. मी शिकलो ती चेन शैली, हनान प्रांतातल्या चेनजियागोऊ गावची. लाओजिया यीलू हा तिचा जुन्या चौकटीतला पहिला मार्ग, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम. चेन घराण्यात ती सतराव्या शतकापासून चालत आली आहे, आणि यांग शैलीचे मूळपुरुष यांग लुचान (1799–1872) याच घराण्यातल्या चेन चांगशिंगकडे शिकले होते. चेन शैलीत संथपणाच्या मधेच ठोसा सुटतो, पाय आपटतो, बैठक खोल जाते. त्यामुळे घाई करणाऱ्याचे पहिले गुडघे जातात. तब्येतीसाठी शिकायला आलेला माणूस सहा महिन्यांत हाडाच्या डॉक्टरकडे जातो, हे नेहमीचं आहे. त्याला जबाबदार गुडघा नसतोच, जांघेतला सांधा असतो. चिनीत त्याला क्वा म्हणतात आणि वर्गात तो शब्द ऐकून ऐकून कान किटतात.

सुरुवात उभं राहण्याने होते. याला झान झुआंग म्हणतात. पावलं खांद्याइतकी रुंद, बोटं समोर. हात छातीसमोर गोल, तळवे आपल्याकडे, कोपरं मनगटांपेक्षा खाली. गुडघे मुद्दाम वाकवायचे नाहीत. जांघेत घडी घालायची, गुडघे आपोआप वाकतात. गुडघ्यापासून सुरुवात केली तर नडगी पुढे कलते, गुडघा बोटांच्या पुढे जातो आणि वजन चवड्यावर येतं. जांघेपासून केली तर उंच स्टुलाच्या कडेला टेकल्यासारखं बसणं होतं, नडगी जवळपास उभी राहते आणि वजन तळव्याच्या मधोमध पडतं. आखाड्यात बैठका मारलेल्यांना हे उलट जड जातं. मांड्या तयार असतात, पण टाच उचलून गुडघा पुढे नेण्याची सवय अंगात मुरलेली असते.

पहिल्यांदा 5 मिनिटं पुरेत. पुढे 20 पर्यंत न्यायची. मांड्या थरथरणं, जळणं ठीक. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा आतल्या बाजूला दुखलं की लगेच बैठक उंच करायची, सहन करत बसायचं नाही. खांदे नकळत वर चढतात, म्हणून मिनिटा-दोन मिनिटांनी कोपरं जड सोडून पाहावीत. कंबरेचं बघायचं तर भिंतीला पाठ लावावी. कमरेमागे तळहात सहज शिरत असेल तर तिथली पोकळी अजून भरलेली नाही. मात्र ती भरायला कुल्ले जोराने आत ओढले की जांघ पुढून ताठ होते आणि घडीच नाहीशी होते. कंबर सैल सोडून खाली लोंबू द्यायची, एवढंच.

मग रेशीम गुंडाळण्याचा व्यायाम, चान स्स गोंग. एकाच हाताने करायचा. पावलं खांद्याच्या दीडपट रुंद, डावा हात कंबरेवर, उजवा हात उजवीकडे खांद्याच्या उंचीवर, वजन उजव्या पायावर. कोपर सैल सोडून हात खाली पोटासमोर येतो, तळवा हळूहळू वर वळतो, वजन डाव्या पायावर जातं. मग हात छातीसमोरून वर चढतो, तळवा बाहेर वळतो, वजन उजवीकडे येतं आणि हात उघडतो. दिसायला अगदी सोपं, आणि म्हणूनच लोक हे हाताचा व्यायाम समजून करतात. हात फक्त मागोमाग येतो. वळण आधी पोटात, म्हणजे दानत्येनमध्ये सुरू व्हायला हवं. तपासायची युक्ती अशी: बोटं बेंबीजवळ ठेवावीत. पोट थांबलं असताना दुसरा हात फिरत असेल तर काम खांद्याने चाललं आहे.

गुडघा फिरतो तो नेमका इथे. वजन उजव्या पायावर आणि कंबर डावीकडे वळते आहे. उजवी जांघ मोकळी नसेल तर ते वळण खाली सरकतं आणि गुडघा आत कोसळतो. गुडघ्याचं मुख्य काम वाकणं आणि सरळ होणं. भाराखाली पिळवटला की ताण आतल्या कूर्चेवर येतो. आरशासमोर उभं राहून गुडघ्याची वाटी आणि पावलाचं दुसरं बोट एका रेषेत राहतात का ते पाहावं. वाटी आत पळाली की वळण कमी करायचं. निम्मं केलं तरी चालेल. बैठकही वर घ्यायची. खोल बैठकीतलं मोठं वळण फोटोत छान दिसतं, पण त्याची घाई करण्यात काही अर्थ नाही.

आता यीलू. मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे 74 किंवा 75 प्रकार. साध्या गतीने एक फेरी 15 मिनिटांच्या आसपास. क्रम पाठ व्हायला फार वेळ लागत नाही, नुसत्या क्रमाचं मला फार कौतुकही नाही. खरा वेळ पावलं टाकण्यात जातो. पाऊल पुढे टाकताना वजन पूर्ण मागच्या पायावर, टाचेची आतली कड जमिनीवरून घसरत बाहेर जाते, तळवा नंतर टेकतो. पाऊल टेकलेलं असताना ते पुन्हा अलगद उचलता आलं पाहिजे. येत नसेल तर आपण पावलावर पडलो आहोत. पाऊल वळवायचं असेल तर आधी त्यावरचं वजन काढावं. बूट पातळ आणि सपाट तळाचे हवेत. पळण्याचे रबरी बूट फरशीला चिकटतात, पाऊल तिथेच राहतं आणि पीळ गुडघ्यात जातो.

दुसराच प्रकार जिनगांग दाओ दुई. उजवी मूठ वर जाते, उजवा गुडघा उचलला जातो, मूठ डाव्या तळव्यात पोटासमोर पडते आणि पाय आपटतो. आपटण्याच्या क्षणी वजन डाव्या पायावरच असतं. उजवा पाय सैल सोडायचा, पूर्ण तळवा एकदम टेकला पाहिजे. टाच आधी आली तर धक्का थेट डोक्यापर्यंत जातो. आवाज सपाट, भरीव यावा. काँक्रीट किंवा फरशीवर मी आपटतच नाही, नुसता पाय ठेवतो. मातीवर किंवा लाकडी जमिनीवर आपटतो. हा प्रकार यीलूत पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे एका सकाळी चार फेऱ्या केल्या की हिशेब वाढतो.

पुढे यानशोऊ होंगचुईचा ठोसा. मागच्या पायापासून निघालेलं वळण मुठीत संपतं, मूठ शेवटच्या क्षणीच आवळायची. कोपर पूर्ण सरळ करून झटका दिला तर आठवड्याभरात कोपर सुजतं. जोर येईपर्यंत हा ठोसा हळू करण्याला कुणीही हसत नाही.

दोघांनी करायच्या सरावाला तुइ शोऊ म्हणतात. चेन शैलीत त्याचे पाच टप्पे आहेत, जागच्या जागी हात फिरवण्यापासून मोकळ्या पावलांपर्यंत. पहिल्या दोनांत ढकलाढकली नसते. समोरच्याचा दाब हातावर आल्यावर मागे रेलायचं नाही, त्या बाजूची जांघ दुमडून दाब जमिनीकडे जाऊ द्यायचा. जांघ बंद असेल तर माणूस कंबरेतून मागे वाकतो आणि बोटभर दाबानेही मागे पाऊल टाकतो. एकट्याने फेरी करताना लपून राहिलेला जांघेचा दोष इथे लगेच उघडा पडतो. म्हणून यीलू पूर्ण व्हायची वाट न बघता लवकर तुइ शोऊ सुरू करावं, असं माझं मत आहे. बरेच गुरू याच्या उलट सांगतात.

दुसरा मार्ग, एर्लू म्हणजेच पाओचुई, उड्यांचा आणि जलद. यीलूत खोल बैठकीतून वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेताना डोकं वर-खाली होत नसेल, गुडघा रेषेत राहत असेल, तर तो घ्यावा.