ओळख नसलेल्यांचा उन्हाळा

आमच्या उन्हाळी संशोधन कार्यक्रमाबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "दहा आठवड्यांत असं काय शिकून होतं हो?" असं तुम्ही म्हणालात आणि मी निघायच्या घाईत काहीतरी बोलून मोकळी झाले. ते उत्तर मलाच पटलं नव्हतं. हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतं. कधी विभागातले सहकारी, कधी इथली मराठी मंडळी, कधी खुद्द येणाऱ्या मुलांचे आईवडील. तेव्हा एकदा नीट सांगते.

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षं आमच्या विभागाचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम सांभाळते. मे संपता संपता दहा विद्यार्थी येतात, ऑगस्टच्या सुरुवातीला परत जातात. अशा कार्यक्रमांना नॅशनल सायन्स फाउंडेशन ही विज्ञान संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था 1987 पासून पैसे देते, देशभर ते चालतात. येणारी मुलं पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली, आणि निम्म्याहून अधिक दुसऱ्या कॉलेजांतली असतात, विशेषतः जिथे संशोधनाच्या लॅब फारशा नाहीत अशा लहान कॉलेजांतली. आमच्याकडे आलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं आधी कुणीच नव्हतं. काही कृष्णवर्णीय, काही लॅटिनो, काही मूळ अमेरिकन जमातींतली, काही डोंगराळ खेड्यांतली गोरी मुलंही.

आता प्रामाणिक उत्तर. निव्वळ शिकण्याचा हिशेब मांडला तर दहा आठवड्यांत फार काही होत नाही. पहिला आठवडा सुरक्षेच्या प्रशिक्षणात आणि कुठली वस्तू कुठल्या कपाटात हे शोधण्यात जातो. दुसऱ्यात पिपेट, म्हणजे द्रव मोजून घ्यायचं साधन, हातात बसते. तिसऱ्यात पहिला प्रयोग फसतो, चौथ्यात दुसरा फसतो. सातव्या आठवड्याच्या आसपास एखादा आकडा असा येतो, ज्यावर विश्वास ठेवावा असं वाटतं. मग आपलं काम पाहुण्यांसमोर मांडायच्या पोस्टरची धावपळ सुरू होते आणि मुलं घरी जातात. हे सगळं एखाद्या चांगल्या प्रॅक्टिकलच्या तासांतही शिकता आलं असतं.

पण त्यांना मिळते ती वस्तू वेगळी आहे, आणि तिला मराठीत नेमका शब्द आहे: ओळख. आपण 'माझी तिथे ओळख आहे' म्हणतो त्या अर्थाने, आणि 'ओळख पटली' म्हणतो त्याही अर्थाने.

सारख्याच हुशार दोन मुली घ्या. एकीची आई डॉक्टर, काका प्राध्यापक. तिला कुणी मुद्दाम काही शिकवलेलं नसतं, तरी तिला माहीत असतं की अनोळखी प्राध्यापकांना ईमेल पाठवली तर ते रागावत नाहीत. ऑफिस अवर्सला, म्हणजे प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना भेटायला ठेवलेल्या वेळी, अडचण घेऊनच जावं लागतं असं नाही, नुसत्या गप्पा मारायलाही जाता येतं. शिफारसपत्र मागायचं तर महिनाभर आधी मागावं. दुसरीला यातलं काहीच ठाऊक नसतं, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नसतं. तिला वाटतं, चांगले मार्क मिळवले की पुढचं दार आपोआप उघडेल. पहिलीला आपल्याकडे वशिला आहे असं कधी वाटत नाही, आणि तिने खरोखरच काही गैर केलेलं नसतं. तरीही वशिला आहेच.

पहिल्या आठवड्यातल्या एका बैठकीत मी दरवर्षी एक वाक्य सांगते: अमेरिकेत विज्ञानात पीएचडी करताना साधारणपणे फी भरावी लागत नाही, उलट गुजराण होईल इतका भत्ता मिळतो. हे ऐकून टेबलाभोवती शांतता पसरते. एका मुलाने मला नंतर बाहेर गाठून विचारलं, "हे कर्ज असतं का?" त्याला वैद्यकशास्त्राची भीती होती ती कर्जामुळे, आणि संशोधन म्हणजेही तसंच काहीतरी असेल असं त्याने कधीच ठरवून टाकलं होतं. त्याचे गुण उत्तम होते. कमी पडली होती ती एक बातमी, आणि ती त्याच्यापर्यंत पोचवणारं कुणी आजवर त्याला भेटलं नव्हतं.

'म्हणजे कच्च्या मुलांसाठी उजळणी वर्ग' असं कुणी म्हणालं की मला राग येतो. त्यावर मी गणिताचे प्राध्यापक यूरी ट्राइसमन यांचं काम सांगते. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने नापास होत होते. का, असं शिक्षकांना विचारलं तर उत्तरं तयार होती: जिद्द कमी, पाया कच्चा, घरून पाठिंबा नाही, गरिबी. ट्राइसमन यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी अभ्यास कसा करतात हे त्यांच्यासोबत राहून पाहिलं. तयार उत्तरांपैकी एकही टिकलं नाही. कृष्णवर्णीय मुलं कष्ट करत होती, घरचेही पाठीशी होते. फरक इतकाच होता की ती एकटी अभ्यास करत होती. चिनी मुलं आपापला अभ्यास करून रात्री एकत्र जमत, उत्तरं ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत, प्राध्यापकांना नेमकं काय हवंय याचीही चर्चा करत. ट्राइसमन यांनी मग कृष्णवर्णीय मुलांना सोपी गणितं दिली नाहीत. एकत्र बसवलं आणि नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली. निकाल पालटला.

मला यातली हृदयाला भिडणारी गोष्ट ही वाटते की एकटं अभ्यास करणं ही त्या मुलांची चूक नव्हतीच. शाळेत असताना भोवतालच्या गोंगाटापासून दूर बसून, एकट्याने पुस्तकात डोकं घातलं म्हणूनच तर ती बर्कलीपर्यंत पोचली होती. जी सवय इथवर घेऊन आली, तीच पुढे आडवी आली. म्हणून आमच्याकडे दहाही जण एकाच वसतिगृहात, एकाच मजल्यावर राहतात. बाल्टिमोरजवळच्या मेरीलँड विद्यापीठात 1988 साली सुरू झालेल्या मायरहॉफ कार्यक्रमातही कॉलेज सुरू होण्याआधीचा उन्हाळा मुलं एकत्र राहून, एकत्र अभ्यास करून घालवतात. करोनाच्या लशीवर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत महत्त्वाचं काम केलेल्या किझमेकिया कॉर्बेट याच कार्यक्रमातून पुढे आल्या. त्याही आधी, शाळेत असताना, त्यांनी 'प्रोजेक्ट सीड'मधून उन्हाळ्यात विद्यापीठाच्या लॅबमध्ये काम केलं होतं. अमेरिकन केमिकल सोसायटीने 1968 मध्ये कमी उत्पन्नाच्या घरांतल्या शाळकरी मुलांसाठी सुरू केलेला हा कार्यक्रम, आणि त्यात कामाचे पैसे मिळतात.

पैशांचा मुद्दा मला थोडा लांबवायचा आहे. आमच्याकडे एक मुलगा आला आणि पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "पहिला चेक कधी?" माझे एक सहकारी नाराज झाले. विज्ञानाची आवड असलेला मुलगा पहिल्या दिवशी पैशांचं विचारेल का, असं त्यांचं म्हणणं. मी त्या मुलाशी बोलले. दर उन्हाळ्यात तो गोदामात काम करायचा आणि त्या कमाईतून घराचं भाडं जायचं. आमच्याकडे यायचं म्हणून त्याने ती नोकरी सोडली होती, आणि आमचा पहिला चेक चौथ्या आठवड्यात निघणार होता. जूनचं भाडं मात्र एक तारखेलाच द्यायचं होतं. अशा मुलाचा उन्हाळा रिकामा नसतो, तो घराच्या नावावर आधीच लिहिलेला असतो. स्टायपेंड, म्हणजे आम्ही देतो तो भत्ता, ही बक्षिसी नव्हे. घराकडून तो उन्हाळा सोडवून घेण्याची ती किंमत आहे. पुढच्या वर्षापासून आम्ही पहिला चेक पहिल्याच आठवड्यात द्यायला लागलो. त्यासाठी कार्यालयात मला बऱ्याच चकरा माराव्या लागल्या, पण झालं.

बिनपगारी इंटर्नशिपबद्दल माझं मत यामुळेच कडक आहे. तिथे गुणवत्तेची निवड व्हायच्या आधीच एक चाळणी लागून गेलेली असते: तीन महिने ज्याचं घर त्याच्या कमाईवाचून चालतं, तोच अर्ज करतो. व्हाइट हाउससारख्या ठिकाणीही सगळ्या इंटर्नना पगार मिळू लागला तो 2022 च्या शरदात. त्याआधी ते नाव बायोडेटावर कुणाला परवडत होतं, याचा विचार करा.

सगळं छानच चालतं असं मात्र समजू नका. सुरुवातीच्या एका वर्षी एक मुलगी माझ्याच लॅबमध्ये होती. मी दोन परिषदांना गेले होते. तिला ज्यांच्या हाताखाली दिलं होतं, ते स्वतःचा शोधनिबंध पुरा करण्याच्या गडबडीत होते. सात आठवडे तिने त्यांच्यासाठी बफर बनवले आणि जेल लावले, म्हणजे त्यांच्या प्रयोगांची नुसती तयारीची कामं केली. पोस्टरवरच्या आकृत्या त्यांच्या होत्या. पाहुण्यांपैकी एकाने तिला साधाच प्रश्न केला, "हा प्रयोग का केलास?" तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेले नाही. दोष तिच्या वरिष्ठांचा कमी, माझा जास्त. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: पहिला आठवडा संपायच्या आत प्रत्येकाच्या वहीत त्याचा स्वतःचा प्रश्न, त्याच्या शब्दांत लिहिलेला हवा. आणि उन्हाळ्यात मी आठवड्याहून जास्त बाहेर राहत नाही. त्या मुलीने पुढे संशोधनाची वाट धरली नाही. कदाचित तिला नकोच असेल. पण ते तिने ठरवायला हवं होतं. माझ्या गैरहजेरीने ते परस्पर ठरवून टाकलं की काय, हे मला कधीच कळणार नाही.

तुमच्या भाचीसाठीही तुम्ही विचारलं होतंत, तर तेवढं सांगते. फाउंडेशनच्या पैशांवर चालणारे हे कार्यक्रम फक्त अमेरिकेच्या नागरिकांसाठी आणि ग्रीन कार्ड असलेल्यांसाठी आहेत. ती विद्यार्थी व्हिसावर असल्याने तिला तिथे अर्ज करता येणार नाही. तिने आपल्याच विद्यापीठातल्या दोन-तीन प्राध्यापकांना थेट ईमेल करावी. त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून, त्यातला एक प्रश्न विचारून. बऱ्याच कार्यक्रमांचे अर्ज जानेवारी-फेब्रुवारीतच बंद होतात, त्यामुळे मे महिन्यात शोधायला लागणं उशिराचं ठरतं. आणि 'ठरावीक वंशांच्या मुलांना आधी घेणं हा आमच्या मुलांवर अन्याय नाही का' असं जे त्या दिवशी कुणीतरी म्हणालं, त्याबद्दल: प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये बंदी आणल्यानंतर अनेक कार्यक्रमांनी आपली भाषा बदलली आहे. आम्ही अर्जात विचारतो की तुझ्या कॉलेजात संशोधनाची सोय आहे का, घरातून कॉलेजला जाणारी तू पहिली आहेस का. ज्याच्या घरात आधीच दोन पीएचडी आहेत त्याला आमच्या जागेची गरज कमी आहे, मग तो कुठल्याही वंशाचा असो. यात मला अन्याय दिसत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. सरकारी पैशांची अनिश्चितता वाढली आहे. 2025 च्या उन्हाळ्यात काही ठिकाणचे कार्यक्रम रद्द झाले. मला त्या वर्षी इतर राज्यांतल्या मुलांच्या ईमेल येत होत्या, 'आमच्याकडचं बंद झालं, तुमच्याकडे एखादी जागा आहे का?' आमच्याकडे दहाच जागा, आणि त्या भरलेल्या.

यंदाच्या अर्जांत एक अर्ज होता. मुलगी दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातली. आम्ही दोन शिफारसपत्रं मागतो. एक तिच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांचं होतं, चांगलं, पण चारशे मुलांना शिकवणाऱ्या माणसाने लिहावं तसं. दुसऱ्या प्राध्यापकाचं नाव तिच्याकडे नव्हतंच. तिने ती रात्रपाळी करते त्या औषधांच्या गोदामातल्या सुपरवायझरचं पत्र जोडलं होतं. चार ओळी होत्या. ही वेळेवर येते. विचारल्याशिवाय बोलत नाही. एका औषधाची मोजणी दर महिन्याला थोडीशी चुकत होती आणि आम्ही सगळे ते चालवून घेत होतो. हिने सुट्टीच्या दिवशी येऊन तीन महिन्यांच्या नोंदी तपासल्या आणि चूक कुठे होते ते शोधून दाखवलं.

निवड समितीतल्या एका सदस्याने ते पत्र बाजूला ठेवलं होतं, शैक्षणिक नाही म्हणून. मी ते उचलून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ती एक जूनला येते आहे.