वाट्याला आलेलं

रात्रीचे साडेअकरा.

संध्याकाळी मावशीचा फोन होता. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. बोलता बोलता म्हणाली, "वाट्याला आलंय ते भोगायचं, दुसरं काय." तेव्हापासून तो 'वाट्याला' डोक्यातून जात नाहीये. ग्रीक लोक दैवाला 'मोइरा' म्हणत. त्या शब्दाचा अर्थही वाटा, हिस्सा. आपल्या 'भाग्या'त तर 'भाग' आहेच. नशीब म्हटल्यावर त्यांनाही वाटणीच आठवली! मग वाढपी कोण?

ग्रीकांनी त्या कामावर तिघी बहिणी नेमल्या. क्लोथो सूत कातते, लाखेसिस मापते, आट्रोपोस तोडते. आट्रोपोस म्हणजे जिला मागे वळवता येत नाही ती. त्यांचे आईबाप कोण, याबद्दल प्राचीन ग्रीक कवी हेसिओड एकाच काव्यात दोन गोष्टी सांगतो: आधी त्या रात्र या देवीच्या मुली, पुढे देवांचा राजा झ्यूस आणि देवी थेमिस यांच्या. मला पहिलंच पटतं. झ्यूसच्या असत्या तर बापासाठी एखादा धागा थोडा लांब सोडला असता. 'इलियड'मध्ये त्याचा मुलगा सार्पेडॉन मरणाच्या दारात असतो. त्याला उचलून न्यावं असं झ्यूसला फार वाटतं, पण त्याची बायको हेरा सुनावते की मग बाकीचे देवही आपापली पोरं वाचवायला बघतील. देवांचा राजा रक्ताचा पाऊस पाडतो आणि मुलाला मरू देतो.

उत्तर युरोपातल्या जुन्या कथांमधल्या दैवाच्या तिघी, नॉर्न, तर पाणक्याच. उर्द, वेर्दांदी, स्कुल्द. इग्द्रासिल या विश्ववृक्षाच्या फांद्या कुजू नयेत म्हणून रोज विहिरीचं पाणी आणि काठचा चिखल त्याच्यावर घालायचा. कातणं, मापणं, पाणी भरणं. दैव म्हटल्यावर मला सिंहासन दिसायचं, आणि इथे सगळ्या जणी आपल्या कामात. राजाचे पाय तरी धरता येतात.

आपल्याकडेही माग आहे. आदिपर्वातला उत्तंक तक्षकाने पळवलेली कुंडलं शोधत नागलोकात उतरतो, तिथे दोन स्त्रिया काळ्या-पांढऱ्या धाग्यांचं वस्त्र विणताना दिसतात. शेजारी सहा मुलगे एक चक्र फिरवतायत. नंतर गुरू उलगडून सांगतात: त्या स्त्रिया धाता आणि विधाता, धागे म्हणजे रात्र आणि दिवस, मुलगे म्हणजे सहा ऋतू. विधाता स्त्रीरूपात, हे मला बरीच वर्षं माहीतच नव्हतं. त्याहून आवडलं ते हे, की या मागापाशी कात्री घेऊन कुणीही बसलेलं नाही. एकट्या माणसाचा धागा वेगळा काढून दाखवलेलाच नाही. कापड आपलं पुढे सरकतंय.

पण झोप उडवली ती ग्रीक कथेतल्या मेलिअॅगरने. तो सात दिवसांचा असताना कातणाऱ्या त्या तिघी बहिणी येऊन सांगतात, चुलीतलं हे लाकूड जळून संपेल तेव्हा हा मरेल. आई अल्थेआ झटकन लाकूड काढते, पेटीत ठेवते. नॉर्नांचीही अशीच एक कथा आहे. गर्दीत धक्का लागून खाली पडलेली धाकटी नॉर्न चिडून म्हणते, बाळाजवळची मेणबत्ती जळेल तेवढंच याचं आयुष्य. (एवढ्याशा रागावर!) थोरली ती विझवून आईच्या हाती देते. मोठेपणी ती मेणबत्ती त्या मुलाकडेच येते. गेस्ट त्याचं नाव; तो तीनशे वर्षं जगतो आणि शेवटी स्वतःच ती पेटवतो.

अल्थेआचं तसं झालं नाही. शिकार केलेल्या रानडुकराच्या कातड्यावरून भांडण पेटलं, त्यात मेलिअॅगरने तिच्या भावांना मारलं, आणि तिने पेटी उघडली. कातणाऱ्या तिघी तोवर केव्हाच निघून गेल्या होत्या. लाकूड आईच्याच हातात होतं.

आणि मुलगा लहानाचा मोठा होईपर्यंत ती पेटी घरातच. तिच्यावरची धूळ कोण पुसत असेल?