सैतामात जपानचा सामना: तिकिटापासून परतीच्या गाडीपर्यंत

टोकियोत निशी-कासाईच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना जपानचा फुटबॉल सामना बघायचा असेल, तर बहुतेक वेळा सैतामा स्टेडियम २००२ गाठावं लागतं. क्षमता सुमारे ६३,७००. २००२च्या विश्वचषकात जपान-बेल्जियम २-२ बरोबरी इथलीच आणि २० मार्च २०२५ला बहारीनला २-० हरवून २०२६च्या विश्वचषकाचं तिकीट पक्कं केलं तेही इथेच. आपल्यासाठी एक कडू आठवण म्हणजे ९ जून २००४ला पात्रता फेरीत भारताने इथे सात गोल खाल्ले, शून्याच्या बदल्यात.

तिकिटं जपान फुटबॉल असोसिएशनच्या साइटवर निघतात. मोठ्या सामन्यांना आधी सोडत, मग उरलेली तिकिटं ‘जो आधी येईल त्याला’. सोडत लागली की काम झालं असं समजू नका. पैसे कॉन्बिनीत (चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानात) भरायचा पर्याय घेतला असेल तर त्याला मुदत असते. ती चुकली की तिकीट आपोआप रद्द.

जागा निवडताना थोडा विचार करा. गोलच्या मागचा सपोर्टर विभाग स्वस्त, पण तिथे पूर्ण वेळ उभं राहून, टाळ्या वाजवत गायचं असतं. बसून बघणारा तिथे सगळ्यांच्या पाठी बघतो. शिवाय छप्पर फक्त दोन लांब बाजूंच्या स्टँडवर आहे, गोलमागे पाऊस थेट डोक्यावर. स्टँडमध्ये छत्री उघडू देत नाहीत, म्हणून पोंचो हवाच. मला विचाराल तर लांब बाजूचा वरचा मजला घ्या. बालेवाडीसारखी मैदानाभोवती धावपट्टी नसल्यामुळे वरूनही खेळ जवळ वाटतो आणि संघाची रचना कशी सरकते ते नीट दिसतं. खालच्या पहिल्या रांगांमधून खेळाडूंचे चेहरे दिसतात, पण पलीकडच्या कोपऱ्यात काय चाललंय ते कळत नाही.

जायला मेट्रोच्या तोझाई लाइनने इइदाबाशी, तिथून नानबोकू लाइन. फलकावर ‘उरावा-मिसोनो’ लिहिलेलीच गाडी पकडा, काही गाड्या आकाबाने-इवाबुचीला किंवा हातोगायाला संपतात. इइदाबाशीपासून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. आकाबाने-इवाबुचीच्या पुढे सैतामा रेल्वे ही वेगळी कंपनी सुरू होते आणि तिचं भाडं झोंबतं. सुइका किंवा पास्मो या प्रवासाच्या कार्डात परतीचेही पैसे निघतानाच भरून ठेवा, नाहीतर सामना संपल्यावर रिचार्जच्या मशीनसमोर रांग. स्टेशनपासून मैदान पंधरा-वीस मिनिटं चालत. निळे टीशर्ट जातात तिकडे जायचं.

कॅन आणि काचेच्या बाटल्या आत चालत नाहीत. प्रवेशाजवळ त्यातलं पेय कागदी पेल्यात ओतून घ्यावं लागतं. स्टॉलवर याकिसोबा (परतलेल्या नूडल्स), कारागे (तळलेलं चिकन), फ्राइज मिळतात. शाकाहारी लोकांनी फ्राइजच्या पुढे जायच्या आधी विचारावं, कारण रस्शात आणि सॉसमध्ये सुक्या माशाचा अर्क सर्रास असतो. घरून पोळी-भाजीचा डबा न्यावा हे उत्तम. सोबत कचऱ्याची पिशवीही न्या. सामना संपल्यावर आजूबाजूचे लोक आपापला कचरा गोळा करतात, तेव्हा आपण तसेच उठून जाणं बरं दिसत नाही.

राष्ट्रगीताला टोपी काढून उभं राहायचं. ‘किमिगायो’ इतकं छोटं आहे की मोबाइल काढेपर्यंत संपतं. नंतरची ‘निप्पोन!’ आणि तीन टाळ्यांची घोषणा मात्र पहिल्या दोन मिनिटांत जमते. जपानच्या जर्सीवर छातीवरच्या बोधचिन्हातला तीन पायांचा कावळा म्हणजे जपानी पुराणकथांमधला यातागारासू.

खरी परीक्षा परतताना. पन्नास-साठ हजार माणसं एकाच टर्मिनसकडे वळतात. सामन्याच्या दिवशी उरावा-मिसोनोला एक जादा फलाट उघडतात, तरी गर्दी थोपवून टप्प्याटप्प्याने आत सोडतात. अर्धा तास जागेवरच बसून राहिलं तर रांग बरीच ओसरते, फक्त शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा. निशी-कासाईकरांनी आल्या वाटेने परत जायची गरज नाही. पुढच्याच हिगाशी-कावागुचीला उतरून मुसाशिनो लाइनने निशी-फुनाबाशी गाठा आणि तिथून तोझाई घ्या. महागड्या रेल्वेचं एकच स्टेशन लागतं आणि इइदाबाशीची गर्दीही टळते. मात्र निशी-फुनाबाशीला जलद गाडीत चढू नका, ती निशी-कासाईला थांबत नाही. चढलातच तर उरायासुला उतरून धीमी घ्या.